विहिरीपासून दीडशे पावलं

हुसेनमिस्त्रींची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडले मी एकटीच. ते नुसते ऐकत होते.

पेठजवळ हायवे सोडून आत वळलं की थोड्या अंतरावर माझ्या शाळेचं गाव लागतं. बदलीचा कागद घेऊन मी नारायणगावहून स्कूटीवर आले होते. ऊन डोक्यावर आलं होतं, घसा कोरडा पडला होता. गावाच्या तोंडाशी एका अंगणात एक उंच, वाळलेला म्हातारा गुडघ्याएवढ्या दगडावर तांब्याने पाणी ओतत होता. मी शाळा कुठे म्हणून विचारलं. त्याने तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या, रस्त्यापर्यंत आला आणि हात लांब करून म्हणाला, "हे असं सरळ जावा, बाई. चिंच लागंल. चिंचेला वळसा घाला न् खाली उतरा. चावडीच्या पायऱ्या संपल्या का उजव्या अंगाला शाळा."

मी गेले. चिंच लागली नाही. उताराचं तर नावच नको, ते गाव भाकरीसारखं सपाट आहे. तीन चकरा मारल्यावर कळलं की शाळा त्या म्हाताऱ्याच्या घराच्या बरोबर मागे आहे. मी परत येऊन तोंडाला येईल ते बोलले. माझं संपल्यावर तो म्हणाला, "चुकलंच माझं. तुमी नव्या हाय, हे ध्यानातच न्हाई आलं." त्यावर माझा संताप आणखी वाढला. मी नवी असले म्हणून चिंच कशी नाहीशी होईल?

याचं उत्तर आठवडाभरात मिळालं. हे गाव इथलं नव्हतंच. पश्चिमेला डोंगरात धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसांना इथे माळावर प्लॉट पाडून दिले. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटल्यामुळे जुने शेजारी शेजारी राहिले नाहीत. कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला. पण गावाची जीभ काही हलली नाही. पश्चिमेकडे निघालेला माणूस "नदीकडं चाललो" म्हणतो, आणि नदी इथे डोळ्यांना दिसत नाही. सपाट माळावर वरची आळी आहे, खालची आळी आहे. पाटलांचं घर गावाच्या कडेला आहे, तरी त्यांची आळी मधली. इथेच जन्मलेली, जुनं गाव कधी न पाहिलेली पोरंसुद्धा "चिंचेखाली खेळू" म्हणतात आणि डांबरी रस्त्यावर जाऊन खेळतात. मी टोमॅटोच्या बाजारातल्या आरडाओरड्यात वाढलेली, सहसा कशाला घाबरत नाही. पण दुपारी रस्ता ओस पडला की वाटायचं, आपण एका गावात उभ्या आहोत आणि ही माणसं आपल्या अंगावरून दुसऱ्याच गावात चालत जातायत. पहिलं वर्षभर तरी मला तिथे एकटीने फिरायला नको वाटायचं.

या दुसऱ्या गावाचे सगळे रस्ते हुसेनमिस्त्रींना पाठ होते. कुणाच्या दाराला किती पायऱ्या, कुणाच्या गोठ्याचं तोंड कुठल्या दिशेला, यावरून वाद झाला की लोक त्यांच्याकडे यायचे. कारण जुनं गाव त्यांनीच उतरवलं होतं. गाव उठायचं ठरलं तेव्हा लोकांना आपले घडीव दगड सोडवेनात. मग मिस्त्रींनी एकेका दगडावर गेरूने खूण केली, भिंती उतरवल्या, ट्रकात रचल्या आणि इथे आणून जशाच्या तशा चढवल्या. मारुतीचं देऊळ चौथऱ्यासकट तसंच आणलं. चावडीच्या पायऱ्या आणल्या, त्यातल्या दोन आमच्या शाळेला लावल्या. मिस्त्री सांगायचे, "एक दगड इकडचा तिकडं झाला न्हाई, बाई. मारुतीला कळलं बी नसंल का आपण हाललो."

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. काम पुरं झालं की ओळंबा लावून पाहायचा, मग थापी आणि ओळंबा खाली ठेवायचा, हात मागे बांधायचे आणि घरधन्याला विचारायचं, "बघा, सरळ झालं का?" घरधनी "झालं" म्हणेपर्यंत हत्यार उचलायचं नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा ओटा त्यांनी बांधून दिला त्या दिवशी मी पंचायतीच्या मीटिंगला गेले होते. तासाभराने परतले तर मिस्त्री ओट्यासमोर उभे, थापी जमिनीवर. मी म्हटलं, "अहो चाचा, जायचं ना घरी. ओटा काय पळून जाणार होता?" म्हणाले, "ज्याचं हाय त्यानं हो म्हणाया पायजे. न्हाईतर काम तसंच ऱ्हातं." मी घाईघाईने झालं म्हटलं. तसं चालेना. ओट्याला एक फेरी मारून, हात लावून पुन्हा म्हणायला लावलं.

दुसरी सवय सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होती. रोज सकाळी, शाळा भरायच्या वेळेला, ते मारुतीच्या चौथऱ्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालायचे. एकदा गेले की झालं, परत फिरायचं नाही. मी आले त्या वर्षी पावलं अकरा भरायची. पुढे एकदा त्यांनी मला थांबवून, तापाचा आकडा सांगावा तसं सांगितलं, "बाई, औंदा बारा झाली." मी हसून म्हटलं, "चौथरा वाढला की काय, चाचा?" ते हसले नाहीत. "चौथरा कसा वाढंल? म्या बसवलाय," म्हणाले आणि निघून गेले. म्हातारपणाचं वेड म्हणून मी ते सोडून दिलं. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

अंगणातला तो दगड मात्र मला आवडायचा. घडीव, गुळगुळीत, वरच्या बाजूला वाटीएवढा खळगा. मिस्त्री रोज त्यात पाणी भरायचे आणि चिमण्या येऊन प्यायच्या. पोरं त्याला चिमण्यांचा दगड म्हणायची. मिस्त्रींची बायको हमिदाभाभी मी येण्याआधीच वारली होती, घरात ते एकटेच. म्हाताऱ्याने जिवाला विरंगुळा म्हणून पाखरांचं पाणी ठेवलंय, असं मी धरून चालले होते. कुणी मला वेगळं सांगितलंही नव्हतं.

एका वर्षी मी चौथीच्या मुलांना गावाचा नकाशा काढायला दिला. पुस्तकात तसा धडाच आहे. घरच्या मोठ्या माणसांना विचारा, आपलं घर, शाळा, देऊळ, पाण्याची जागा दाखवा, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावला. एकवीस पोरं आणि एकाच्याही कागदावर हे गाव नाही. सगळ्यांनी नदी काढलेली. चिंच काढलेली. उतारावरची घरं, खालची विहीर, विहिरीवरचा रहाट. जे गाव या पोरांनी जन्मात पाहिलं नाही ते निळ्या-हिरव्या खडूने रंगवून आणलं होतं. मी एकीला जरा रागानेच विचारलं, "अगं, तुझं घर कुठंय यात?" तिने नदीकाठच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तिच्या आईचं लग्नसुद्धा या माळावर झालेलं.

ओरडून काय करणार? मी ते सगळे नकाशे वर्गाच्या भिंतीवर लावून टाकले. मग गावातली म्हातारी माणसं ते बघायला येऊ लागली. हसायची, एकमेकांच्या चुका काढायची. मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. तपासनीस आल्यासारखे एकेका कागदापुढे थांबले. "ह्येची नदी उलटी वाहती. ह्येनं चावडी इकली वाटतं." पोरं खिदळत होती. श्रावणीच्या कागदापुढे ते आले आणि त्यांचं बोलणं थांबलं.

श्रावणी सखूबाईची नात. सखूबाईचं घर नव्या गावात अगदी पलीकडच्या टोकाला आहे. जुन्या गावात त्यांची बौद्ध वस्ती उतारावर, सगळ्यात वर होती. श्रावणीच्या नकाशावर आजीच्या सांगण्यावरून एक उखळ होतं, खाली एक विहीर होती आणि दोन्हींच्या मध्ये, पट्टीने आखलेल्या सरळ रेषेवर, एक छोटा दगड. दगडावर चिमणी बसलेली.

"हे कुणी सांगितलं?" मिस्त्रींनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"आजीनं," श्रावणी म्हणाली.

मिस्त्री बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बसले. चावडीच्याच त्या पायऱ्या. मी पाणी घेऊन गेले. पाण्याला हात न लावता ते बोलायला लागले आणि इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती, नसीम. सहा वर्षांची असताना तापाने गेली. जुन्या गावाच्या कबरस्तानात तिला ठेवली. मिस्त्रींनी स्वतः दगड घडवून तिच्या उशाला बसवला आणि वर पाखरांसाठी खळगा केला, कारण पोरीला चिमण्यांचं वेड होतं. रोज संध्याकाळी विहिरीवरून तांब्या भरून न्यायचा आणि खळग्यात ओतायचा. विहिरीपासून दगडापर्यंत दीडशे पावलं. पाच वर्षं हा नेम चालला.

मग गाव उठलं. शेवटच्या ट्रकाच्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यांचं सगळं चढवलं, आणि त्यांच्या मनात आलं की पोरीचा दगड तेवढा पाण्यात कशाला सोडायचा? त्यांनी तो उपटला आणि ट्रकात घातला.

"दगड आणला, बाई. जागा तिथं ऱ्हायली, न् तिच्यावरची खूण म्या माझ्या हातानं काढली," ते म्हणाले. "पुढल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तवा गेलो. समदीकडं गाळ. ज्यांनी दगड सोडलं व्हतं त्यांच्या कबरी गाळातून वर दिसत व्हत्या. माझी तेवढी न्हाई. दीडशे पावलं ठाऊक हायती, पर कुठल्या अंगाला? रोजचा माणूस मान खाली घालून चालतो, दिशा कोण बघतं? चौथऱ्याच्या कोपऱ्यावरनं सांगता आलं असतं. चौथरा म्याच उतरवला. चावडीवरनं आलं असतं. ती बी म्याच आणली."

ते तिथून हात हलवत परतले त्या दिवशी हमिदाभाभी त्यांना एवढंच म्हणाली होती, "दगड आणलासा, लेकरू ठेवलंसा." त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मिस्त्रींनी तिला विचारलं की पोरीचा दगड तुझ्या उशाला लावू का. ती म्हणाली, "तो माझा न्हाई. तिचा तिला नेऊन द्या."

अंगणातल्या त्या दगडापाशी मी कितीतरी वेळा स्कूटी टेकवून गप्पा मारल्या होत्या.

त्याच दुपारी आम्ही सखूबाईकडे गेलो. मिस्त्रींनी विचारायचं ते विचारलं आणि सखूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "मिस्त्री, तुला ठाऊक न्हाई व्हय? समद्या गावाला वाट सांगतोस तू!" मग ती सांगू लागली. "आमचं उखळ दारापुढं जमिनीत रोवलेलं. निघता निघंना, तिथंच सोडून आलो. त्या उखळावर कांडताना मान वर केली का पोरीचा दगड दिसायचा, न् दगडाच्या माथ्यावर बराबर हिरीचा रहाट. सरळ रेघ. रोज तर बघायची मी. तू तांब्या घिऊन यायचास ते बी बघायची." मग म्हणाली, "इचारायचं व्हतंस रं, आधी."

"कोणत्या तोंडानं?" मिस्त्री म्हणाले.

पण धरणाचं पाणी कुणाच्या सोयीने उतरत नाही. त्या उन्हाळ्यात विहीर वर आलीच नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. मिस्त्री एसटीने घोडेगावला जायचे, तिथून पुढे धरणावर, आणि पाणी बघून परत यायचे. दर सकाळी चौथरा मोजणं चालूच होतं. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती, की पाणी उतरायच्या आधी आपले पाय थांबतील.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं. गावातल्या एकाची टोमॅटोची पिकअप होती. तिच्या हौद्यात गोणपाटावर दगड ठेवला, मिस्त्री त्याला धरून बसले. मी आणि सखूबाई पुढे. मंचर, घोडेगाव मागे पडलं, डोंगर जवळ आले. पिकअप रस्त्याच्या कडेला थांबली आणि खाली ते गाव दिसलं.

मी ते पहिल्यांदाच बघत होते, पण मला ते ओळखीचं होतं. एकवीस नकाशांत पाहिलेलं. उतार, नदी, तोडलेल्या चिंचेचा बुंधा. घरांची नुसती जोती, त्यांवर गाळ, गाळाला भेगा पडलेल्या. शाळेची जागा मला न विचारता कळली, चिंचेला वळसा घालून, खाली उतरून, उजव्या अंगाला. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला रस्ता बरोबरच सांगितला होता.

सखूबाई काठी टेकत उतारावर गेली. तिथली माती लाटांनी धुऊन नेली होती आणि जोत्यांच्या मध्ये उखळाची गोल कड उघडी पडली होती. सखूबाई उखळाच्या मागे उभी राहिली, तिचं पांढरं पातळ उन्हात लांबून दिसत होतं. मिस्त्री खाली विहिरीपाशी. गाळाने अर्धी भरलेली, पण कठडा जागेवर होता. त्यांनी सखूबाईवर नजर ठेवली आणि चालायला सुरुवात केली. मी मागून मोजत होते. शेवटी दीडशे झाली. ते थांबले. भोवती सपाट गाळ, काही नाही.

"हितवर माझी आताची दीडशे पावलं येत्यात," ते म्हणाले. "ती मोजली तवा मी तरणा व्हतो. तवा मारुतीचा चौथरा नऊ पावलं भरायचा. आता बारा भरतो. दगड त्येच हायती, मीच उणा झालोय. बाई, तुमी शाळेच्या हाय. नवाला बारा, तर दीडशाला किती?"

मी हिशेब केला. "दोनशे, चाचा."

"दोनशेच. म्या घरी शेंगदाणे मांडून काढलं व्हतं. पर तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

आणखी पन्नास पावलं ते चालले. मग पहार घेऊन चार हात इकडे, चार हात तिकडे टोचत राहिले. एका जागी पहार अडली. त्यांनी गुडघे टेकले आणि हाताने गाळ काढला. वीतभर खाली काहीतरी पांढरं लागलं. चुन्याचा घट्ट थर होता, मधे चौकोनी खाच असलेला. मिस्त्रींनी चुना बोटांत चुरडला, वास घेतला. म्हणाले, "माझाच हाय."

पिकअपवाल्याने आणि मी मिळून दगड खाली आणला. तो त्या खाचेत असा बसला की मला वर बघवेना. मिस्त्रींनी आणलेलं चुन्याचं कालवण भरलं, कड साफ केली, ओळंबा लावला, दोन्ही बाजूंनी पाहिलं. विहिरीच्या गढूळ पाण्याने तांब्या भरून खळग्यात ओतला. मग थापी आणि ओळंबा गाळावर ठेवला, हात मागे बांधले, मान खाली घातली.

"बघ गं," ते म्हणाले. "सरळ झालं का?"

मी, पिकअपवाला आणि उतारावरून खाली आलेली सखूबाई, तिघंही उभे राहिलो. वारा नव्हता. पाण्याच्या काठाला एक बगळा होता, तोही हलेना. बराच वेळ गेल्यावर सखूबाईला राहवेना. हळूच म्हणाली, "झालं, मिस्त्री. सरळ झालं."

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं नाही. "तुला न्हाई इचारलं, सखूबाई," ते म्हणाले.

मिस्त्रींना तिथेच ठेवून आम्ही तिघं पिकअपपाशी त्यांची वाट बघायला निघालो. पावसाळ्यात तिथे पुन्हा पाणी चढलं आणि त्याच थंडीत मिस्त्री गेले. त्यांच्या अंगणात दगडाच्या जागी चौकोनी खळगी राहिली आहे. चिमण्या अजून तिथे येतात, म्हणून शाळेत जाताना मी तिथे पाणी ठेवते. पण मिस्त्री आठवतात ते त्या अंगणातले नाहीत. त्या दिवशी वर रस्त्याला लागल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. त्या भेगाळलेल्या गावात ते एकटेच उभे होते, हात मागे बांधलेले. थापी अजून जमिनीवरच होती.